लाइन गेली म्हणण्याआधी

चंद्रपूर-गडचिरोलीकडे एखाद्या ऑफिसात कम्प्युटरवर पान उघडेनासं झालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: लाइन गेली. हे वाक्य उगाच रूढ झालेलं नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा दोन तृतीयांशांहून जास्त जंगलाने व्यापलेला आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो. रस्त्याचं काम निघालं की जेसीबीच्या दातात सगळ्यात आधी फायबरची केबल सापडते. नक्षलग्रस्त भागातले २,३४३ टूजी मनोरे फोरजी करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती २०२२ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे देशातल्या मोठ्या शहरांत फाइव्हजीची तयारी चालू असताना. लाइनीवर इथल्या माणसाचा राग असेल तर तो रास्तच आहे.

पण आता नावडतीचं मीठ अळणी, तशी गत झाली आहे. दोष कुठलाही असो, नाव लाइनीचं. आपल्याच टेबलावरच्या मशीनमध्ये, आपणच टाकलेल्या एका आकड्यात चूक असेल, तर ती महिनोन्‌महिने लाइनीच्या नावाखाली लपून राहते. ठरावीक पत्ता दिलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत हे फार घडतं. एका कम्प्युटरच्या पोटात दुसरा कम्प्युटर चालतो, त्याला हाताने आयपी पत्ता दिलेला असतो, आणि तो देणारा माणूस बदली होऊन गेलेला असतो.

माझे एक ज्येष्ठ स्नेही टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं त्यांनी चंद्रपूरच्या एक्स्चेंजमध्ये काढली. त्यांची पुतणी अहेरी तालुक्यातल्या एका कॉलेजात कम्प्युटर शिकवते. मशीनला पत्ता कायमचा द्यावा की राउटरने वाटलेला घ्यावा, यावर या दोघांचं पटत नाही. वाद जुना आहे. यंदाच्या पावसाळ्याआधी पुतणीच्या लॅबमध्ये एक प्रकार घडला आणि वादाला हाडामासाचा विषय मिळाला. मी ऐकत होतो. दोघांचंही म्हणणं इथल्या प्रत्येक शाळा-कॉलेजाच्या, ग्रामपंचायतीच्या आणि दवाखान्याच्या कामाचं आहे, म्हणून ते लिहून काढलं.

काका: आधी काय झालं ते नीट सांग बेटा. कॉलेजात तर सगळे लाइन गेली म्हणत होते म्हणे.

पुतणी: लाइन गेली नव्हतीच काका. वादळात वीज कडाडली आणि राउटर जळाला. मग नवा आला, लॅबमधल्या सगळ्या कम्प्युटरवर इंटरनेटही सुरू झालं. फक्त आमचा मूडलचा, म्हणजे अभ्यासाचं साहित्य ठेवलेला सर्व्हर उघडेना. मुलं १९२.१६८.१.५० टाकायची आणि पान फिरत राहायचं. ऑफिसातून निरोप यायचा, लाइन स्लो आहे, थांबा.

काका: सर्व्हर कुठं आहे? नागपूरला?

पुतणी: नाही हो, लॅबमध्येच. कोपऱ्यातल्या डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स आहे, त्यात उबुंटू, त्यात मूडल. एटापल्ली-भामरागडकडची मुलं सुटीत गावी गेली की त्यांना रेंज मिळत नाही. म्हणून व्याख्यानांचे व्हिडिओ, नोट्स सगळं लॅबच्या आत ठेवलंय. मुलं तिथूनच मोबाइलमध्ये उतरवून घेतात. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी हे चालावं, एवढ्याचसाठी तो सर्व्हर.

काका: मग लाइन गेल्याने तो बंद पडेलच कसा? लॅबमधला कम्प्युटर लॅबमधल्या कम्प्युटरशी बोलतो, मध्ये बाहेरची लाइन येतेच कुठं?

पुतणी: तेच तर! पण हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

काका: आमच्याकडे तक्रार आली की पहिलं काम एमडीएफवर, म्हणजे सगळ्या जोड्या जिथं एकत्र येतात त्या चौकटीवर. ग्राहकाची जोडी तिथं सोडवायची आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. एक्स्चेंजच्या बाजूला टोन असेल तर दोष बाहेर, नसेल तर दोष आपल्या घरात. हे ठरल्याशिवाय लाइनमनला उन्हात सायकलवर पिटाळायचं नाही. चंद्रपूरचं ऊन तुला माहीत आहे.

पुतणी: मीही तसंच केलं. फक्त सुरुवात तुमच्यासारखी वायरीपासून केली नाही. मी आधी व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये गेले.

काका: काहून? केबल आधी बघायची. स्विचवरचा दिवा लागलाय का, हे दोन सेकंदांचं काम.

पुतणी: कारण त्याच डेस्कटॉपवर इंटरनेट चालू होतं काका, म्हणजे केबल ठीक होती. व्हर्च्युअल मशीनला स्वतःची केबल नसते, ती मालकाच्याच केबलवर बसते. आणि कशी बसते ते सेटिंगमध्ये ठरतं. नॅट असेल तर व्हर्च्युअलबॉक्स तिच्यासाठी आतल्या आत वेगळं जाळं उभं करतो. तिथं मशीनला साधारणपणे १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि तिचं गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १०.०.२.२. ती बाहेर जाऊ शकते, पण लॅबमधलं कुणी तिच्याकडे येऊ शकत नाही. ब्रिज्ड असेल तर ती लॅबच्या जाळ्यात स्वतंत्र कम्प्युटरसारखी उभी राहते. आता कुणी सेटिंग नॅट ठेवलं आणि आत हाताने १९२.१६८.१.५० टाकलं, तर ते कधीच चालणार नाही. मुलांच्या प्रॅक्टिकलमध्ये ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते.

काका: आणि तुझ्याकडे?

पुतणी: ब्रिज्डच होतं, आणि कार्डही बरोबर. हे कार्डसुद्धा बघावं लागतं बरं का. डेस्कटॉपला वायरचं एक कार्ड आणि वाय-फायचा डोंगल असला, तर ब्रिज एकावर आणि केबल दुसऱ्यात असा घोळ होतो. लॅपटॉपवर वाय-फायवरून ब्रिज करायला गेलं तर आणखी वेगळी अडचण. अ‍ॅक्सेस पॉइंट फक्त जोडल्या गेलेल्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाची स्वतःची खूण, ओळखतो, त्यामागून बोलणारा दुसरा मॅक बहुतेकदा स्वीकारत नाही. व्हर्च्युअलबॉक्स त्यातून वाट काढतो, पण काही कार्डांवर जमतं, काहींवर नाही. वाय-फायवर मुलांनी नॅट ठेवावं आणि हवा तो पोर्ट पुढे वळवून घ्यावा, असं मी सांगते.

काका: बरं. मग घोडं पेंड कुठं खात होतं?

पुतणी: मशीनच्या आत जाऊन ‘आयपी अ‍ॅडर’ चालवलं. कार्ड चालू, पत्ता जागेवर. ‘आयपी राउट’ चालवलं. गेटवे १९२.१६८.१.१, तेही जागेवर. मग त्या गेटवेला पिंग केलं. उत्तर आलं, ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. आणि हे उत्तर पाठवणारा पत्ता होता आमच्या मशीनचाच.

काका: म्हणजे मशीन स्वतःच म्हणतंय, मी हाक मारली, गल्लीत कुणी ओ दिली नाही.

पुतणी: अगदी तसंच. ‘आयपी नेबर’ बघितलं तर १९२.१६८.१.१ पुढे ‘फेल्ड’ लिहिलेलं. तेव्हा मी लॅबमधल्या दुसऱ्या कम्प्युटरवर जाऊन त्याचा पत्ता बघितला. १९२.१६८.०.२३.

काका: शून्य!

पुतणी: शून्य. जुन्या राउटरचं जाळं १९२.१६८.१ वर होतं, नव्याचं १९२.१६८.० वर. बाकीच्या कम्प्युटरांना पत्ता राउटरकडून आपोआप मिळतो, ते सगळे मुकाट नव्या जाळ्यात गेले. सर्व्हरला पत्ता हाताने दिलेला, तो जुन्या जाळ्यात एकटाच उभा. एकाच स्विचला, हातभर अंतरावर, आणि तरी एकमेकांना दिसेनात.

इथे थोडं थांबतो, कारण हा मुद्दा विद्यार्थ्यांना नेहमी अडखळवतो. वायर एक असून दोन मशीन एकमेकांना का दिसत नाहीत? काकांनी पुतणीच्या विद्यार्थ्यांना हे एकदा फार चांगलं समजावलं होतं. चंद्रपूरचा एसटीडी कोड ०७१७२, गडचिरोलीचा ०७१३२. चंद्रपुरातून चंद्रपुरात फोन लावायचा तर नुसता नंबर पुरे, गडचिरोलीला लावायचा तर कोड आधी, आणि मग कॉल ट्रंकवरून जाणार. आयपी पत्त्यातही पुढचा भाग कोडचा आणि मागचा नंबरचा असतो, आणि कोड कुठं संपतो ते सबनेट मास्क सांगतं. २५५.२५५.२५५.० असं मास्क असेल तर पहिले तीन आकडे म्हणजे कोड. तो जुळला तर मशीन थेट हाक मारते, नाही जुळला तर गेटवेच्या हवाली करते. लॅबमधल्या कम्प्युटरने १९२.१६८.१.५० हा परका कोड बघितला आणि निरोप राउटरकडे दिला. राउटरला असं कुठलं जाळं माहीतच नव्हतं, म्हणून निरोप विरून गेला आणि मुलांच्या पडद्यावर पान फिरत राहिलं. मास्क चुकलं तरी असाच प्रकार होऊ शकतो, आणि ते आकड्यांत चटकन नजरेला येत नाही.

जगभरच्या लॅबमध्ये १९२.१६८ हेच आकडे का दिसतात, हेही मुलं विचारतात. घरातल्या, ऑफिसातल्या अंतर्गत वापरासाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवण्याचा नियम १९९६ सालचा. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. राउटर बनवणारा यातला कुठलाही तुकडा आपल्या मर्जीने निवडतो. राउटर बदलला की तुकडा बदलू शकतो तो म्हणूनच.

पुतणी: खात्री करायला मी लॅबमधल्या एका उबुंटू मशीनला तात्पुरता दुसरा पत्ता जोडला, १९२.१६८.१.२०. आणि सर्व्हरला पिंग केलं. पहिल्याच झटक्यात उत्तर! मूडलही उघडलं. सर्व्हर बिचारा पहिल्या दिवसापासून धडधाकट होता.

काका: चोर सोडून संन्याशाला फाशी. आता हे सांग, तू दुरुस्त काय केलंस?

पुतणी: माझा विचार होता सर्व्हरचा पत्ता बदलून १९२.१६८.०.५० करायचा. तुम्ही फोनवर अडवलंत.

काका: अडवणारच ना बाप्पा. सगळ्या कम्प्युटरवर जुन्या पत्त्याचे शॉर्टकट, मुलांच्या वह्यांत जुना पत्ता, भिंतीवर जुना पत्ता.

पुतणी: आणि मूडलच्या कॉन्फिग फाइलमध्येसुद्धा साइटचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो बदलला नाही तर पान अर्धवट उघडतं. ते मला नंतर आठवलं. म्हणून राउटरमध्ये शिरून त्याचंच जाळं १९२.१६८.१ वर आणलं. लॅबचे कम्प्युटर पुन्हा सुरू केले, त्यांनी नवे पत्ते घेतले, काम झालं.

काका: एका जागी बदल. बाकी कुणाला धक्का नाही. आणि आता माझं ऐक. तो सर्व्हर सापडला का? त्याचा पत्ता ठरलेला होता म्हणून. राउटर जळो, वीज जावो, पूर येवो, ५० नंबरचं मशीन ५० वरच असणार. तुला नेमकं कुठं शोधायचं ते माहीत होतं. तोच पत्ता राउटरच्या मर्जीवर असता, तर आज ५०, उद्या ११७. मुलांनी कुठं शोधावं?

पुतणी: आणि मी म्हणते तो हरवला का? त्याचा पत्ता ठरलेला होता म्हणून! बाकी सगळे कम्प्युटर जाळ्याबरोबर गेले, हा एकटा गेला नाही. राउटरमध्ये आरक्षण करता येतं काका. या मॅक पत्त्याच्या मशीनला नेहमी हाच नंबर द्यायचा, अशी नोंद एकदा करून ठेवायची. मशीन आपली आपोआप पत्ता मागते आणि तिला दर वेळी तोच मिळतो. मास्क, गेटवे, नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस, सगळं राउटरकडूनच येतं, हाताने काही लिहायचं नाही. चूक व्हायला जागाच नाही.

काका: ती नोंद कुठं असते?

पुतणी: राउटरमध्ये.

काका: आणि जळलं काय?

पुतणी: ...राउटर.

काका: सांग आता.

पुतणी: मान्य. पण राउटरच्या सेटिंगची प्रत काढून ठेवता येते.

काका: नवा राउटर वेगळ्या कंपनीचा होता. जुन्याची प्रत त्याच्यात चढली असती?

पुतणी: नसती. पण तुमच्या कायमच्या पत्त्यालाही एक भोक आहे, ते पुढच्याच आठवड्यात दिसलं. राउटरचं जाळं बदलून झाल्यावर सर्व्हर चालू झाला, पण मधेच उघडायचा, मधेच नाही. सकाळी ठीक, दुपारी गायब. ऑफिसात पुन्हा तेच, लाइन गेली.

काका: तो तर मला सगळ्यात छळणारा दोष. कायमचा बिघाड सापडतो, येता-जाता बिघाड सापडत नाही.

पुतणी: नवा राउटर २ पासून २५४ पर्यंतचे सगळे नंबर वाटत होता. त्यात ५० पण आला. राउटरला कुणी सांगितलंच नव्हतं की ५० वर आधीच कुणी बसलंय. वीज गेली की डेस्कटॉप बंद, त्याच्या पोटातली व्हर्च्युअल मशीनही बंद. राउटर मात्र इन्व्हर्टरवर, आणि मुलांचे मोबाइल बॅटरीवर. कुठल्यातरी मोबाइलने पत्ता मागितला, राउटरने ५० मोकळा बघून देऊन टाकला. वीज आली, सर्व्हर उठला, तो म्हणतो मी ५०. मोबाइलही म्हणतो मी ५०.

काका: क्रॉस कनेक्शन! आणि ओळखलंस कसं?

पुतणी: लॅबच्या कम्प्युटरवर ‘आयपी नेबर’ पुन्हा पुन्हा बघत राहिले. सर्व्हर उघडायचा तेव्हा ५० पुढचा मॅक पत्ता ०८:००:२७ ने सुरू व्हायचा, ती व्हर्च्युअलबॉक्सची खूण. उघडत नसे तेव्हा तिथं भलताच मॅक. त्याच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघून कळलं की तो हल्लीच्या मोबाइलने स्वतःहून बनवलेला यादृच्छिक पत्ता आहे. तिथं २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातला नसून मशीनने स्वतः तयार केलेला, असं साधारण समजावं. मग सर्व्हर बंद केला आणि दुसऱ्या मशीनवरून ‘आर्पिंग’ने ५० ला हाक मारली. सर्व्हर बंद, तरी उत्तर आलं. चोर पकडला गेला.

हा दोष तांत्रिक दृष्ट्या फार बोलका आहे. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याची जी पद्धत, एआरपी, ती नोव्हेंबर १९८२ मध्ये मांडली गेली. गडचिरोली जिल्हा झाला त्याच वर्षी. ‘५० नंबर कोण?’ अशी हाक सगळ्या जाळ्याला द्यायची आणि जो ओ देईल त्याच्यावर विश्वास ठेवायचा, एवढीच ती पद्धत. ओळखपत्र कुणी मागत नाही. जाळ्यातली माणसं एकमेकांच्या भरवशाची असताना ती बनली आणि आजही तशीच चालते. दोघांनी एकच नंबर घेतला तर ज्याची ओ शेवटी ऐकू आली, तो खरा ठरतो. म्हणून तर सर्व्हर दिवसातून चार वेळा येतो आणि जातो. आमच्याकडे जिथे वीज जाते-येते, तिथे मोबाइल टिकतात आणि डेस्कटॉप झोपतात, म्हणून पुण्या-मुंबईच्या लॅबपेक्षा हा दोष इथे जास्त संभवतो. हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं, पुतणीच्या सांगण्यातून ध्यानात आलं.

काका: मग पत्ता वाटपाच्या यादीबाहेर ठेवायचा ना. राउटरला सांग, १०० पासून पुढे वाट. १०० च्या आतले आमचे.

पुतणी: केलं तेच. पण बघा काका, म्हणजे कायमचा पत्ता द्यायचा तर राउटरला सांगावंच लागलं. मशीनमध्ये लिहा आणि राउटरमध्येही जागा सोडा. दोन ठिकाणी मेळ राखायचा. माणूस बदलला की मेळ सुटला.

काका: माणूस बदलतोच. म्हणून लिहून ठेवायचं. आमच्याकडे कुठली जोडी कुठल्या डीपीवर, कुठल्या पोस्टावर, सगळ्याची नोंद वहीत असायची. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी वही वाचायचा.

पुतणी: आणि मुलांच्या प्रॅक्टिकलला मी त्याच मशीनच्या प्रती काढून देते, तेव्हा काय? प्रत काढली की कायमचा पत्ताही प्रतीबरोबर जातो. वर्गात वीस मुलं आणि वीसही मशीनचा नंबर ५०. तिथं आपोआप पत्ताच हवा.

काका: ते बरोबर. शिकाऊ मशीनला कायमचा नंबर कशाला?

पुतणी: तेही अगदी निर्धोक नाही, खरं सांगते. प्रत काढताना नवा मॅक पत्ता बनवायचा पर्याय निवडावा लागतो. आणि उबुंटूच्या आत मशीन-आयडी नावाची एक खूण असते. ती सगळ्या प्रतींत तीच राहिली तर राउटर कधीकधी त्या सगळ्यांना एकच मशीन समजतो आणि एकच पत्ता देतो. ती खूण पुसून नवी करावी लागते.

काका: बघ! आपोआप म्हणजे आपोआप नसतंच काही.

पुतणी: तुमच्या हाताने लिहिण्यातही काय कमी भानगडी आहेत? उबुंटूत पत्ता नेटप्लॅनच्या फाइलमध्ये लिहितात. त्यात ओळ किती आत सरकवली यावर अर्थ ठरतो, आणि टॅबची कळ दाबली तर फाइल वाचलीच जात नाही. पुष्कळ जण पत्ता आणि गेटवे लिहितात, डीएनएस विसरतात. मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग जातं आणि नावाने एकही साइट उघडत नाही. आधी डीएनएस राउटरकडून फुकट मिळत होता, पत्ता हाताने दिल्यावर तो आपल्याला लिहावा लागतो, हे लक्षातच येत नाही. आणि काही ठिकाणी क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्राम चालू असतो, तो मशीन पुन्हा सुरू झाली की तुम्ही लिहिलेलं पुसून आपलं लिहितो.

काका: यावर उपाय आहे ना? तूच सांगितला होतास मागे.

पुतणी: ‘नेटप्लॅन ट्राय’. बदल लागू होतो, आणि १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर जुनी स्थिती परत येते. दुरून जोडून काम करणाऱ्याने तर याच्याशिवाय पत्त्याला हातच लावू नये. नाहीतर चंद्रपुरात बसून आकडा चुकवायचा आणि दुरुस्तीला अहेरीपर्यंत गाडी काढायची.

काका: एक गोष्ट मात्र तुला सांगतो. गेटवेपर्यंत पिंग जातं आणि पुढे जात नाही, हे एकदा पक्कं झालं की मग लाइनवाल्याला फोन कर, पण तो असा कर: गेटवे उत्तर देतोय, बाहेरचा पत्ता देत नाही, नावानेही नाही आणि आकड्यानेही नाही. एवढं ऐकलं की लाइनमनचा आवाज बदलतो. त्याला कळतं की या माणसाने आपलं घर तपासलंय. नुसतं ‘नेट बंद आहे’ म्हणणारे दिवसाला पन्नास असतात.

पुतणी: आणि पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे मशीन मेलीच, असंही समजू नये काका. विंडोजचा फायरवॉल पुष्कळदा पिंगला गप्प बसवतो. अशा वेळी ‘आयपी नेबर’मध्ये मॅक पत्ता दिसतोय का बघावं. तो दिसला तर मशीन जिवंत आहे, फक्त बोलत नाही.

काका: हे मात्र आमच्या वेळी नव्हतं. फोन जिवंत असला की वाजायचाच.

वाद इथे संपला नाही, पण मला माझं मत बनवायला एवढं पुरेसं होतं. जिथे राउटर कधी जळेल, कधी बदलेल याचा नेम नाही, तिथल्या ज्या एका मशीनवर पोरांचा अभ्यास अवलंबून आहे तिला पत्ता कायमचाच असावा, असं मला काकांसारखंच वाटतं. आरक्षणाची नोंद राउटरमध्ये राहते आणि आमच्याकडे आधी जातो तो राउटरच. मात्र तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या यादीबाहेर हवा, आणि बदली राउटरचं जाळं जुन्या जाळ्याशी जुळवल्याशिवाय तो लॅबमध्ये लावू नये. प्रॅक्टिकलच्या मशीन, मुलांचे लॅपटॉप, आज आहेत उद्या नाहीत अशा प्रती, यांच्याबाबत पुतणीचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्यांना हाताने पत्ता देणं म्हणजे भांडण विकत घेणं.

तपासणीच्या क्रमाबद्दल मात्र मी पुतणीच्या बाजूने आहे. वायरीपासून सुरुवात करणं चुकीचं नाही, पण मालक-कम्प्युटर चालू आणि त्याच्या पोटातली मशीन बंद असेल, तर वायरीत शोधत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय. आधी नॅट की ब्रिज, मग कुठलं कार्ड, मग मशीनच्या आतला पत्ता आणि मास्क, मग गेटवेला हाक, मग ८.८.८.८ ला, शेवटी नावाने. जिथे उत्तर थांबतं तिथेच दोष. आणि हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे, नागपूरहून माणूस यायची वाट बघण्याचं नाही. फोनवरून कुणी ‘रीस्टार्ट करून बघा’ म्हणालं की आपण ते करतो आणि कधीकधी सर्व्हर उठतोही, विशेषतः पत्त्यांची टक्कर असेल तेव्हा. त्यामुळेच खरा दोष आणखी महिनाभर दडून राहतो.

२०११ साली गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत सुरू झालं तेव्हापासून या दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांचा कारभार नागपूरऐवजी इथूनच चालू लागला. परीक्षा, अर्ज, निकाल आज सगळं जाळ्यावर आहे. लॅबची, तिथल्या सर्व्हरची देखभालही आता इथल्याच माणसांना करावी लागणार आहे. दूरच्या तालुक्याच्या कॉलेजात ते ज्ञान एखाद्या प्राध्यापिकेच्या डोक्यात असतं, आणि तिची बदली झाली की ते तिच्याबरोबर जातं.

म्हणून या दोन जिल्ह्यांत जिथे जिथे अशी एखादी व्हर्च्युअल मशीन चालते आहे, तिथल्या माणसाला माझी विनंती आहे. आजच एक कागद घ्या. त्यावर मशीनचा आयपी पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस लिहा. ब्रिज कुठल्या कार्डावर आहे ते लिहा, मशीनचा मॅक पत्ता लिहा, राउटर कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत पत्ते वाटतो तेही लिहा. खाली तारीख घाला. तो कागद मशीनच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवा आणि दुसरी प्रत ऑफिसच्या फाइलमध्ये लावा. राउटर बदलायला जो कुणी येईल, त्याला आधी तो कागद दाखवा आणि मगच केबल काढू द्या.